बर्फावरची घोंगडी

नाना, आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा ते जमलं नाही. माहेरी आले की तुमच्यासमोर पाट मांडायचा, भाकरीवर लोणी वाढायचं, आणखी घ्या म्हणायचं, आणि बोलायचं ते तसंच गिळून बडनेऱ्याची गाडी धरायची, यातच ती वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात तुम्हीच गेलात, आणि मी अकोल्याहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून ती म्हणाली, "तुझं नाव घेतलं त्यांनी." पुढं काय म्हणालात ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला भीती वाटली की तुम्ही माफी मागितली असेल, आणि ती मला आईच्या तोंडून ऐकायची नव्हती.

तुम्ही अमरावतीच्या हायस्कुलात सायन्स शिकवत होतात, पण खरी शाळा आमच्या स्वयंपाकघरात भरायची. आईचा डाळ शिजवण्याचा वेळ, चुलीतला धूर, रांजणातलं पाणी, कशालाच तुम्ही सुखानं राहू दिलं नाही. एकदा हिवाळ्यात आई म्हणाली की घोंगडी फार गरम आहे, रात्रभर तिची ऊब मिळते. तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी शाळेतला थर्मामीटर घरी आणलात, आधी तो भिंतीला टांगून पारा कुठं आहे ते आम्हां सगळ्यांना दाखवलंत, आणि मग तो घोंगडीत नीट गुंडाळून पेटीवर ठेवून दिलात. आईची खात्री होती की पारा वर चढणार. संध्याकाळी घोंगडी उलगडली तर पारा होता तिथंच. आई म्हणाली, "मग तुमची काचच थंड असेल." तुम्ही किती हसलात त्या दिवशी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मला जवळ घेऊन म्हणालात, "गरमी घोंगडीत नसते बाळ, आपल्या अंगात असते. घोंगडी म्हणजे नुसतं लावलेलं दार. आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, बाहेरची आत येऊ देत नाही. आत कोण आहे, गरम की थंड, ते दाराला काय ठाऊक?"

त्याच वर्षी उन्हाळ्यात तुम्ही कापसाच्या जिनाशेजारच्या बर्फाच्या कारखान्यातून दोन तुकडे आणलेत. एक आईच्या जुन्या लोकरी शालीत गुंडाळलात, दुसरा ताटात उघडा ठेवून भावाला त्यावर पंख्यानं वारा घालायला लावलंत. आम्ही सगळ्यांनी सांगितलं होतं की शालीतला आधी संपणार, शाल गरम असते ना. वारा घालून घालून भावाचे हात दुखले आणि त्याच्या ताटात पाणी झालं. शालीतला तुकडा मात्र अजून चांगला मुठीएवढा होता. तुम्ही तो फोडून आम्हांला लिंबाचं सरबत करून दिलंत. आई म्हणाली, शाल ओली केली. मला त्या सरबताची चव अजून जिभेवर आहे. आपल्या घरात जे मला कळलं ते गल्लीतल्या कुणाला ठाऊक नाही, याचा मला फार अभिमान वाटला होता. जे माणसाला ठाऊक असतं ते त्याच्या उपयोगी पडतं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

मग माझं लग्न झालं आणि मी अकोल्याला वकिलांच्या घरी आले. घर भलं होतं. सासूबाई तोंडानं फटकळ, पण हाताच्या मोकळ्या. त्यांच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा असे. मामंजी कोर्टात भल्याभल्यांना गप्प करत, घरी सासूबाई बोलू लागल्या की पानातलं मीठ चिवडत बसत. माझी लेक झाली तेव्हा मुलगी म्हणून कुणी तोंड वाकडं केलं नाही. सासूबाईंनी तर तिला खालीच ठेवलं नाही. ती त्यांच्याजवळ निजायची, त्यांच्याच ताटात जेवायची. हे मला आधी सांगायला हवं, नाना, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की त्या दुष्ट होत्या. त्या दुष्ट असत्या तर मला बरं झालं असतं.

लेक चार वर्षांची असताना वैशाखात सासूबाई तिला घेऊन मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात लग्नाला गेल्या. येताना भर दुपारी दमणीचा, म्हणजे त्या हलक्या बैलगाडीचा, एक बैल बसला. आजूबाजूला झाड नाही, नुसती तडकलेली काळी रानं. दुसरा बैल मिळेपर्यंत पोर त्या झळांत राहिली. घरी आली तेव्हा लाल झाली होती, अंगाला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा वाटला. घाम नव्हता. मला ओळखत नव्हती. भाजलेल्या कैरीचा गर अंगाला चोळला, तळपायांना कांदा घासला, काही उतार पडेना. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. ते म्हणाले, डोक्यावर बर्फ ठेवा, अंगावर पातळ ओली चादर टाका, ताप उतरेपर्यंत थांबू नका, आणि जाडं पांघरूण बिलकुल घालू नका. पण बर्फ कुठला? अकोल्याचा कारखाना नेमका तेव्हा यंत्र मोडून बंद पडलेला. आमचे हे खटल्यासाठी नागपूरला गेलेले. मी मामंजींच्या मुनशीला हात जोडले आणि तुम्हाला तार करायला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आलात.

तुम्ही टांग्यातून उतरताना मी खिडकीतून पाहिलं. डोक्याला उपरणं, तोंड उन्हानं काळवंडलेलं, आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली लाकडी पेटी, तिच्याभोवती आपली तीच काळी घोंगडी. बडनेऱ्याला गाडी बदलताना हमालाच्या हातातसुद्धा ती दिली नाहीत, असं तुम्ही नंतर आईला सांगितलंत. ओसरीत पेटी उघडलीत तर आत लाकडाच्या भुशात बर्फाची लादी होती, जवळजवळ अख्खी. तुम्ही मला दारातूनच म्हणालात, "लागेल तेवढा तुकडा फोडून घे, बाकीचा परत भुशात झाक, वरून घोंगडी पक्की गुंडाळ. उद्या सकाळपर्यंत पुरेल. तोवर दुसरा मागवतो." आणि बाहेर बैठकीत जाऊन बसलात. मुलीचं सासर, तुम्ही माजघरात पाऊल टाकणार नव्हतात, आमच्याकडचं पाणीही प्यायला नाहीत. मुनशी शेजाऱ्यांकडून तांब्या घेऊन आला.

मी पेटी आत माजघराच्या कोपऱ्यात घेतली, बत्त्यानं तुकडा फोडला, फडक्यात बांधून तिच्या कपाळावर धरला. नाना, उतार पडत होता. माझ्या हाताखाली तो ताप हळूहळू हलताना मला जाणवला. तिनं डोळे उघडले, इकडं तिकडं पाहिलं आणि "माय, पानी" म्हणाली. आजीची बोली ऐकून ती मला माय म्हणायची. ते तिचे शेवटचे शब्द आहेत. ती जिवंत आहे, आणि ते तिचे शेवटचे शब्द आहेत.

पाणी प्यायली आणि तिला हुडहुडी भरली. दात वाजू लागले. सासूबाई देवापुढून उठून आल्या, तिच्याकडं पाहिलं, मग कोपऱ्यातल्या पेटीकडं पाहिलं.

"त्या बरफावर घोंगडं काहून घातलं वो?"

मी म्हटलं, "त्यानं बर्फ टिकतो. नानांनी सांगितलं आहे."

"घोंगडं गरम असते. गरम घोंगड्यात बरफ कसा टिकन? पानी होऊन राहिला असन त्याचा." त्यांनी पेटीवरची घोंगडी ओढली, भुसा हातानं बाजूला केला, लादी उचलून पितळी परातीत ठेवली आणि परात पंख्याखाली सरकवली. "पंखा ओढ रे," असं त्यांनी गड्याला सांगितलं. आणि ती घोंगडी बाहेरून झटकून, कोरडी बाजू आत करून, त्यांनी माझ्या लेकीवर घातली. "पोरीले हीव भरलं, तिले द्याचं सोडून बरफाले पांघरून घालता. एक घाम आला म्हणजे ताप उतरन."

मी त्यांचा हात धरला. सुनेनं सासूचा हात धरायचा नसतो, पण मी धरला. "नका घालू. डॉक्टरांनी नको म्हटलं आहे. ती आत शिजेल." त्यांनी हात सोडवून घेतला, रागानं नाही. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "मी सात लेकरं वाढवली," त्या म्हणाल्या. "तू मले शिकवू नको, बाई. तिच्यावर माया काय तुलेच आहे?"

माजघराचं दार उघडं होतं. समोर बैठकीत तुम्ही उठून उभे राहिला होतात. तुम्हाला सगळं दिसत होतं, परात, पंखा, घोंगडी. जे तुम्ही सगळ्या अमरावतीच्या पोरांना शिकवलंत ते तिथं उलटं मांडलेलं होतं, आणि ते उलटं आहे हे त्या घरात दोनच माणसांना ठाऊक होतं. मी ओरडले, "नाना, सांगा ना यांना." सासूबाई पदर सावरून भिंतीकडं वळल्या आणि वाट पाहत राहिल्या. त्याही ऐकायला तयार होत्या असं मला आजही वाटतं. मोठा माणूस आहे, मास्तर आहे, बोलला असता तर त्यांनी घोंगडी काढली असती. तुम्ही एकदा मामंजींकडं पाहिलंत. ते डोळे मिटून माळ ओढत होते. मग तुम्ही खाली पाहत म्हणालात, "विहीणबाई वडीलधाऱ्या आहेत. त्या म्हणतात तसं होऊ दे."

नाना, मी ते वाक्य किती वेळा ऐकलं असेल. भाकरी थापताना, नळावर, देवळात. तुमच्या आवाजात कंप नव्हता. वर्गात हजेरी घेता तसा तो सरळ होता.

उन्हं कलायच्या आत परातीत पाणी झालं, आणि तेही कोमट झालं. आम्ही त्यात फडकी बुडवून तिच्या कपाळावर ठेवत राहिलो. घाम आला नाही. घोंगडीखाली तिचं अंग पुन्हा पेटलं आणि मग झटके सुरू झाले. डॉक्टर आले, त्यांनी आधी पांघरूण भिरकावून दिलं, मग परातीत पाहिलं. सासूबाई त्यांच्या पायांवर पडल्या. तुम्ही बैठकीत नव्हतात. उपाशीपोटी, पायी, त्या उन्हात स्टेशनावर गेला होतात, कुठल्या गाडीनं कुठून बर्फ मिळेल ते विचारायला. दुसऱ्या दिवशी तो आलाही, तुम्हीच आणलात. तोवर त्याची गरज संपली होती.

ती वाचली. पुष्कळ दिवसांनी डोळे उघडले, पण त्यांत ती नव्हती. चालायला पुन्हा शिकली, एक पाय ओढत. बोलणं आलंच नाही. आज बावीस वर्षांची आहे, घोड्यासारखी धट्टीकट्टी, आणि मी भरवल्याशिवाय जेवत नाही. सासूबाई होत्या तोवर तिची न्हाणी-धुणी त्यांनी मला करू दिली नाहीत, सगळं स्वतः केलं. त्यांनी तिच्यासाठी नवस केले, शेगावच्या अनवाणी खेपा केल्या. घोंगडीनं काय केलं ते त्यांना कधी कळलं नाही. पोरीला ऊन लागलं, एवढंच त्या सांगत. त्या गेल्या तेव्हा माझ्या लेकीनं त्यांच्या खाटेवरचं उशाचं गाठोडं कवटाळलं आणि तिच्या हातून ते सोडवता येईना.

तुमच्याशी एकदाच बोलणं झालं. भावाच्या मुलाच्या मुंजीला आले होते, तुम्ही मागच्या अंगणात अंबाडीची भाजी निवडत बसला होतात. लेक तुमच्याजवळ बसून देठ तोंडात घालत होती, तुम्ही ते काढून घेत होतात. मी विचारलं, "तेव्हा बोलला का नाहीत?" तिच्या मुठीतला देठ सोडवत तुम्ही म्हणालात, "मी बोलून निघून आलो असतो. तुला तिथं जन्म काढायचा होता. तुझे हाल होतील असं वाटलं." मी म्हणाले, "आणि आता काय चाललंय माझं?" आईनं आतून हाक मारली, मी उठले. त्यानंतर आपण पिकापाण्याचं, लग्नकार्यांचं पुष्कळ बोललो.

आता माझं सांगते. आमचे हे गेल्याला दुसरं वर्ष लागलं. माझ्या छातीत दुखतं, जिना चढवत नाही, रात्री उशीला टेकून बसावं लागतं. डॉक्टर म्हणतात विश्रांती घ्या. मला मरणाचं काही वाटत नाही, नाना, पण माझ्यामागं हिच्या तोंडात घास कोण घालणार? भावाला विचारायला मी गेल्या महिन्यात अमरावतीला गेले होते. वहिनीनंच सांगितलं, "वन्सं, तुम्ही केव्हाही या, घर तुमचंच आहे. पण तिचं करणं माझ्याच्यानं व्हायचं नाही." खरं ते बोलली, त्याचा राग नाही. राहता राहिली माझी धाकटी जाऊ. ती त्या उन्हाळ्यानंतर या घरात आली. सासूबाईंनी तिला लेकीसारखं वागवलं, ती त्यांना आत्याबाई म्हणे, आणि त्यांच्या तसबिरीला अजून रोज हार घालते. गेले काही दिवस मी तिला शेजारी बसवून लेकीला तिच्या हातचा घास घ्यायला शिकवते आहे. लेक दात आवळून धरते. जाऊ कंटाळत नाही, वरण-भात पुन्हा कालवते, पुन्हा हात पुढं करते.

परवा तसंच जेवण चाललं होतं. जावेची मुलगी कन्याशाळेत जाते, ती पुस्तक घेऊन आली आणि सगळ्यांना विचारू लागली, बर्फ घोंगडीत गुंडाळला तर लवकर वितळतो का उशिरा? जाऊ हसून म्हणाली, "लवकर. घोंगडं गरम नसते का?" पोरीनं माझ्याकडं पाहिलं. "काकू, तुमचे वडील सायन्सचे मास्तर होते ना?" मी सांगितलं, उशिरा. का ते सांगितलं. तुमच्याच शब्दांत सांगितलं, ते लावलेल्या दाराचं, आणि माझा आवाज अगदी नीट होता. पोर खूश होऊन लिहायला गेली. जाऊ मात्र घास हातात धरून तशीच राहिली. या घरातल्या सगळ्यांनी तो दिवस ऐकलेला आहे, परातीचं आणि घोंगडीचंही ऐकलेलं आहे, सासूबाई स्वतःच सांगत, आम्ही किती केलं म्हणून. जाऊ हळूच म्हणाली, "मंग वैनी, त्या दिवशी आत्याबाईंनी..."

मी म्हणाले, "ऊनच तसं होतं गं त्या दिवशी."

तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि घास पुढं केला. लेकीनं तोंड उघडलं नाही.

तेव्हापासून मला झोप नाही. सासूबाई आता या जगात नाहीत, खरं बोलून त्यांचं काही जाणार नव्हतं. पण जावेचं मन त्यांच्याकडं आहे, आणि माझ्या लेकीची उरलेली सगळी वर्षं जावेच्या हातात आहेत. मी ते मन जपलं. मान खाली घालून, सरळ आवाजात, तुम्ही बैठकीत जपलंत तसंच. आपल्या पोरीला कुठंतरी ठेवून जायचं असलं की माणूस काय काय गिळतो ते आता मला कळायला हवं, आणि कळतंही. भांडायला बसले असं वर लिहिलं आहे, पण खरं तर तुम्हाला क्षमा केली एवढंच लिहून उठायचं ठरवलं होतं. हे पत्र कुठं जायचं नाही, कुणी वाचायचं नाही, लिहायला काहीच हरकत नव्हती. ते एक वाक्य सकाळपासून मी दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. येत नाही, नाना.